जिवाणू निवडलास की दिनक्रमही निवडलास

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी परभणी जिल्ह्यात बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. विद्यापीठात राहून शिकवायचं आणि जिवाणूंवर संशोधन करायचं, अशी इच्छा आहे. घरचे म्हणतात, बीएड कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे. मॅडम, हे आयुष्य रोजच्या रोज कसं असतं, त्यात पोट भरतं का, आणि मी सुरुवात कुठून करू?"

पोटाचं आधी सांगते, कारण घरच्यांशी तुला तेच बोलायचं आहे. विद्यापीठात किंवा अनुदानित कॉलेजात कायम सहायक प्राध्यापक झालीस तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. त्यात संसार नीट चालतो. अडचण पगाराची नाही, त्या खुर्चीपर्यंत पोचण्याची आहे. राज्यात कायम जागांच्या जाहिराती वर्षानुवर्षं रखडतात, आणि तोवर नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेली, पीएचडी झालेली मुलं सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबावर शिकवत बसतात. सुट्टीत तास नाहीत, म्हणून सुट्टीत पैसेही नाहीत. तुझे घरचे बँकेचं नाव काढतात ते या भीतीपोटी, आणि ती भीती खोटी नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस. किती वर्षं वाट बघायची तयारी आहे, एवढं त्यांच्याशी बसून ठरव.

पीएचडीच्या काळात मात्र हाल होण्याचं कारण नाही, जेआरएफ, म्हणजे केंद्राची संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती, मिळाली तर. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर तिच्याच वरच्या टप्प्याचे, एसआरएफचे, ४२,००० अशी रक्कम आहे, घरभाडं वेगळं. त्यासाठी सीएसआयआर-यूजीसी नेटचा लाइफ सायन्सेसचा पेपर द्यावा लागतो. मायक्रोबायोलॉजीची मुलं तिथे अडखळतात, कारण पेपरात परिसंस्था, उत्क्रांती, वनस्पतींचं आणि प्राण्यांचं शरीरक्रियाशास्त्र हे सगळं असतं, आणि आपण तीन वर्षं जिवाणू वाढवायच्या प्लेटच्या बाहेर पाहिलेलं नसतं. आतापासून रोज थोडं ते वाच. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही पीएचडीसाठी अधिछात्रवृत्त्या आहेत; तू कोणत्या गटात बसतेस ते बघून त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेव. राज्याची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान पात्रता धरली जाते, पीएचडी सक्तीची नाही. पण मुलाखतीच्या बाकावर शेजारी बसलेल्या सगळ्यांकडे पीएचडी असते, त्यामुळे नियम काहीही म्हणो, ती करायचीच असं धरून चाल.

आता रोजच्या आयुष्याचं. हे विस्ताराने सांगते, कारण याबद्दल कोणी बोलत नाही.

विद्यापीठातल्या माणसाच्या डोक्यावर एकाच वेळी तीन वेळापत्रकं असतात. पहिलं विद्यापीठाचं: सहायक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तास शिकवणं, त्यात प्रात्यक्षिकांच्या लांबलचक दुपारा, मग अंतर्गत परीक्षा, कॅप सेंटरला बसून पेपर तपासणं, अभ्यास मंडळाच्या बैठका, आणि नॅकची, म्हणजे दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची, समिती येणार असली की फायलींचे गठ्ठे. दुसरं वेळापत्रक जिवाणूचं. आणि तुझा जिवाणू माती-पिकाशी संबंधित असला तर तिसरं हंगामाचं. ही तिन्ही एकमेकांना विचारून चालत नाहीत. सगळी कारकीर्द यांची सांगड घालण्यात जाते, आणि ज्यांना ती जमली नाही अशी हुशार माणसं मी संशोधनातून हळूहळू बाहेर पडताना पाहिली आहेत. त्यांची बुद्धी कमी पडली नव्हती. दिवसच हातात उरत नव्हता.

म्हणून माझं सांगणं असं की विषय निवडताना जिवाणूच्या वाढीचा वेग बघ. ई. कोलाय पोषक द्रवात ३७ अंशांवर वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. त्याच्यावर काम करणाऱ्याचा वाढीचा आलेख एका दिवसात पुरा होतो, पण तो दिवस पूर्ण त्याचाच. दर अर्ध्या तासाला ट्यूब काढून गढूळपणा मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरला लावायची, मध्ये तास घ्यायला गेलीस की आलेखाचा नेमका चढ हुकला. क्षयाचा जिवाणू दुप्पट व्हायलाच अठरा ते चोवीस तास घेतो, घट्ट माध्यमावर कॉलनी, म्हणजे डोळ्यांना दिसणारा जिवाणूंचा ठिपका, दिसायला काही आठवडे लागतात, शिवाय त्याला कडक जैवसुरक्षेची प्रयोगशाळा लागते, जी बहुतेक विद्यापीठांकडे नाही. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करून त्यांत हवेतला नायट्रोजन बांधणारा ब्रॅडीरायझोबियम मधल्या वेगाचा: प्लेटवर दिसण्याजोगा व्हायला सात ते दहा दिवस. सोमवारी स्ट्रीक केलं, म्हणजे प्लेटवर रेघा ओढून जिवाणू लावला, की पुढच्या सोमवारी बघायचं. मधल्या आठवड्यात तू निवांत शिकव, पेपर तपास, पोराला ताप आला तर घरी थांब.

घरसंसार असलेल्या बाईला मंद वाढणारा जिवाणू सोयीचा पडतो, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेलं नाही. मी माझ्या विद्यार्थिनींना ते स्पष्ट सांगते. काही पुरुष सहकाऱ्यांना हे ऐकून हसू येतं. त्यांच्या घरी पोरांचा ताप बघणारं दुसरं कोणी असतं.

मंद जिवाणूचे त्रासही आहेत. सात दिवसांत प्लेटवर कुठलाही उपरा सूक्ष्मजीव तुझ्या जिवाणूच्या आधी पसरतो. प्लेटमधला अगर, म्हणजे जेलीसारखं माध्यम, सुकून काठाने सुटतो, म्हणून प्लेटा प्लास्टिकच्या पिशवीत उलट्या ठेवाव्या लागतात. आणि रायझोबियमच्या, म्हणजे गाठी करणाऱ्या जिवाणूंच्या, कुळाला ३७ अंश मानवत नाहीत, २८ ते ३० लागतात. साधा इन्क्युबेटर फक्त तापवू शकतो, गार करू शकत नाही. मे महिन्यात आपल्याकडे खोलीच चाळिशीच्या आसपास असते, तेव्हा त्याला २८ वर लावून काही उपयोग नाही. कॉम्प्रेसर असलेला बीओडी इन्क्युबेटर लागतो. ज्या विभागात तो एकच आहे आणि तो पाण्याचं प्रदूषण मोजण्याच्या बीओडी चाचणीसाठी कोणीतरी अडवून ठेवलेला आहे, तिथे उन्हाळ्यात तुझं काम बंद. पीएचडीला प्रवेश घेण्याआधी हे विचारायचं असतं, आणि जवळजवळ कोणीच विचारत नाही.

हंगामाचं गणित आणखी कडक. सोयाबीन खरिपात, पाऊस झाल्यावर. हरभरा रब्बीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरला. मुळांवरच्या गाठी बघायच्या त्या फुलोऱ्याच्या आसपास. नियमाप्रमाणे पीएचडी किमान तीन वर्षांची, म्हणजे तीन रब्बी. पहिली कोर्सवर्कमध्ये जाते. दुसरीत कुंडीतले प्रयोग, तिसरीत शेतातले. त्यातली एक अवकाळी पावसाने गेली तर चौथं वर्ष लागतं. कमाल मर्यादा सहा वर्षांची आहे ती अशांसाठीच असावी, असं मला कधीकधी वाटतं.

या कामात हाताला काय लागतं, ते एका साध्या तपासणीवरून कळेल. शेतकऱ्याला बियाण्याला चोळण्यासाठी रायझोबियमच्या जिवाणू संवर्धकाची पाकिटं मिळतात. तुझ्या घरी शेती असेल तर गुळाच्या पाण्यात कालवून बियाणं सावलीत सुकवताना तू पाहिलंही असशील. कायद्याने त्या पाकिटातल्या एका ग्रॅममध्ये किमान पाच कोटी जिवंत जिवाणू हवेत. द्रवरूप असेल तर एका मिलिलिटरमध्ये दहा कोटी. हे मोजायचं कसं? पाकिटातले दहा ग्रॅम नव्वद मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात घालून हलवायचे. झालं दहापट विरळ. त्यातला एक मिलिलिटर नऊ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये, मग त्यातला पुढच्यात, असं करत मूळ नमुन्याच्या एक लाख पट विरळ ट्यूबपर्यंत जायचं. तिच्यातला ०.१ मिलिलिटर प्लेटवर पसरायचा. त्या प्लेटवर पन्नास कॉलनी उगवल्या तर पन्नास गुणिले दहा गुणिले एक लाख, म्हणजे ग्रॅमला बरोब्बर पाच कोटी. पाकीट काठावर पास. तीसपेक्षा कमी किंवा तीनशेपेक्षा जास्त कॉलनी असलेली प्लेट मोजणीला धरायची नाही. आधीच्या किंवा पुढच्या ट्यूबची प्लेट बघायची.

पण प्लेटवर जे उगवलं ते सगळं रायझोबियम कशावरून? त्यासाठी यीस्ट एक्स्ट्रॅक्ट मॅनिटॉल अगरमध्ये काँगो रेड रंग घालतात. रायझोबियम तो रंग फारसा शोषत नाही, त्याच्या कॉलनी पांढरट, ओलसर, चिकट दिसतात. बरेच उपरे जिवाणू रंग पिऊन लाल होतात. लालबुंद प्लेट बघितली की पाकिटात काय आहे ते आकडा मोजण्याआधी समजतं. आणि पांढऱ्या कॉलनीवरही लगेच विश्वास टाकायचा नाही. ती वेगळी काढून शुद्ध करायची, निर्जंतुक वाळूत त्याच पिकाचं रोप लावून त्याला द्यायची, गाठी आल्या तर त्यातून तोच जिवाणू परत काढायचा. एवढं होईपर्यंत वहीत 'रायझोबियम' असं लिहायचं नाही, फक्त नमुना क्रमांक लिहायचा. माझ्या प्रयोगशाळेत यावरून बरीच बोलणी खाल्ली आहेत मुलांनी.

अशा तपासण्यांत कळतं की कारखान्यातून चांगलं निघालेलं पाकीटही पत्र्याच्या गोदामात एक उन्हाळा काढलं की मेलेलं असू शकतं. तारीख शिल्लक, जिवाणू नाही. शेतकरी म्हणतो औषधाचा गुण आला नाही. तो चुकत नाही. यात नवं शास्त्र काही नाही, यावर शोधनिबंध छापून येत नाही, पण विद्यापीठातल्या जिवाणूशास्त्रज्ञाने आपल्या जिल्ह्यासाठी करण्यासारखं याहून उपयोगी काम थोडं असेल. बढतीच्या गुणांत ते मोजलं जात नाही, ही वेगळी रड.

तुला कदाचित माती-पिकांपेक्षा नव्या जिवाणूच्या शोधाचं आकर्षण असेल. बऱ्याच जणांना असतं. बुलढाण्याचं लोणार घे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, बेसाल्टमध्ये झालेलं, पाण्याचा पीएच दहाच्या आसपास. साध्या तळ्यातले जिवाणू तिथे टिकत नाहीत, जे टिकतात त्यांची एन्झाइमं अल्कली पाण्यातही काम करतात, म्हणून धुण्याच्या पावडरीत वापरायच्या, प्रथिनं तोडणाऱ्या प्रोटिएझसाठी अशा जागा धुंडाळल्या जातात. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्या वाहिन्यांना एकदम सूक्ष्मजीवशास्त्र आठवलं. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि कारण निघालं हॅलोआर्किया, म्हणजे खारट पाण्यात वाढणारे रंगीत आर्किया. हे जिवाणू नव्हेत, वेगळ्याच गटातले जीव आहेत. दिसायला तसेच, पण कार्ल वूझने १९७७ मध्ये पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएवरून त्यांना वेगळं काढलं. पाण्याची पातळी खाली गेली, क्षारता वाढली, की त्यांचं फावतं.

नवी जाती जाहीर करायची तर मेहनत मोठी आहे. आधी १६एस आरआरएनए जनुक, म्हणजे त्याच रायबोसोमच्या आरएनएचं जनुक, साधारण दीड हजार अक्षरांचं, माहितीतल्या सगळ्या जातींशी ताडून बघायचं. साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली आलं तर नवी जाती असण्याची शक्यता. मग पूर्ण जनुकसंच वाचून सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांच्या खाली आहे का ते बघायचं, पेशीतल्या मेदाम्लांचा तपास, कोणती साखर वापरतो, किती मीठ सोसतो, असल्या कंटाळवाण्या चाचण्यांची लांब माळ. शेवटी तो जिवाणू दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन संग्रहालयांत ठेवल्याशिवाय नाव वैध ठरत नाही. आपल्याला यात एक सोय आहे: पुण्याला राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, मोठं संग्रहालय आहे, आणि सुकवून सील केलेल्या कुपीत जिवाणू तिथे राहू शकतो. २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या इस्रोच्या फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा आणली, त्यातून तीन नव्या जाती हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या संशोधन संस्थांमधल्या शास्त्रज्ञांनी २००९ साली जाहीर केल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलचं नाव, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. नावं अशी मिरवण्यासारखी असतात. पण केवळ नाव देण्यासाठी विषय घेऊ नकोस. जाती जाहीर झाल्यावर 'मग ती करते काय?' हा प्रश्न उभा राहतो आणि त्याला उत्तर नसेल तर पुढचा प्रकल्प मिळत नाही.

विद्यापीठात मोठं काम होत नाही, त्यासाठी दिल्ली-हैदराबादच्या संस्था नाहीतर परदेश, असं तुला कोणी ना कोणी सांगेल. त्यांना शंभुनाथ डे यांच्याबद्दल विचार. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवणारा माणूस. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यातच कॉलऱ्याचा जिवाणू शुद्ध वाढवला, पण तो आतड्यात नेमकं करतो काय, यावर पुढे सत्तर वर्षं घोळ चालू होता. डे यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन बाजूंनी बांधला आणि त्यात जिवाणू सोडले. तुकडा पाण्याने फुगला. ही पद्धत १९५३ ची. मग १९५९ मध्ये त्यांनी जिवाणू गाळून टाकले आणि नुसतं गाळलेलं पाणी सोडलं. तरी आतडं फुगलं. म्हणजे जिवाणू स्वतः नव्हे, त्याने सोडलेलं विष हे काम करतं. ससा, दोरा, गाळणी आणि नीट विचारलेला प्रश्न. कॉलऱ्याच्या रोग्याला पाणी आणि क्षार भरून द्यायला हवेत, यामागचं शास्त्र त्यातून पक्कं झालं. नोबेल परिसंवादासाठी त्यांना १९७८ मध्ये बोलावलं गेलं. देशात मात्र हयातीत एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य केलं नाही. मला या गोष्टीतला मानसन्मानाचा भाग फारसा टोचत नाही. टोचतं हे, की आपल्या विभागांत आज असा प्रयोग सुचला तरी आधी विचारलं जातं, यासाठी कोणतं उपकरण विकत घ्यायचं?

उपकरणांवरून आठवलं, पैशाचं सांगते. प्रकल्पाचा निधी बहुधा दिल्लीहून येतो: जैवतंत्रज्ञान विभाग, आणि संशोधनाला निधी देणाऱ्या पूर्वीच्या एसईआरबी मंडळाच्या जागी आता एएनआरएफ. विद्यापीठ स्वतः देतं ते थोडकं. मंजूर झालेला पैसा उशिरा येतो आणि मार्चएंडच्या आत संपवायचा असतो. मग तीन कोटेशनं, सरकारी खरेदीचं जेम पोर्टल, खरेदी समिती. एखादं एन्झाइम उणे वीस अंशांवर ठेवायचं असतं आणि ते शुक्रवारी संध्याकाळी कुरिअरवाल्याकडून सुरक्षारक्षकाच्या टेबलावर येऊन पडतं. हे शिकवणारा कोणताही अभ्यासक्रम नाही. गाइडच्या हाताखाली ऑर्डर देणं, स्टॉक रजिस्टर ठेवणं, हिशोब जुळवणं ही कामं अंगावर येतील तेव्हा कटकट म्हणून टाळू नकोस. पुढे स्वतःची प्रयोगशाळा चालवताना जनुकशास्त्राइतकाच त्यांचा उपयोग होतो.

जिवाणू सांभाळणं हे तर रोजचं. स्लँटवर, म्हणजे ट्यूबमधल्या तिरक्या घट्ट माध्यमावर, ठेवलेलं कल्चर दर काही महिन्यांनी ताज्या माध्यमावर घ्यावं लागतं, आणि फार वेळा तसं केलं तर रायझोबियमसारखा जिवाणू गाठी करण्याची ताकदच हरवू शकतो. वाढतो छान, कामाचा राहत नाही. म्हणून ग्लिसरॉलमध्ये मिसळून उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये ठेवायचा, आणि जमलं तर सुकवून कुपीत. एका पिढीच्या पीएचडीच्या मुलांनी गोळा केलेलं पुढच्या पिढीच्या हाती जिवंत पोचलं तरच विद्यापीठात सलग काम होतं. संशोधन संस्थेत कायम तंत्रज्ञ असतात, विद्यापीठात मुलं चार-पाच वर्षांनी निघून जातात आणि मागे राहतात मार्करने लिहिलेल्या, पुसट झालेल्या कुप्या. सासूने लोणच्याच्या बरण्यांवर नाव न लिहिता गावाला जावं, तशी गत होते.

यावरून गाइड कसा निवडायचा तेही सांगते. विद्यापीठाचं नाव, गाइडच्या शोधनिबंधांची संख्या हे नंतर. आधी त्यांच्या प्रयोगशाळेत जा, त्यांच्या विद्यार्थ्यांशी चहा पी, आणि विचार: मागची मुलं किती वर्षांत सबमिट झाली? मधेच सोडून गेलेले कोण, का? डीप फ्रीजरला जनरेटरचा बॅकअप आहे का? मग शक्य झालं तर तो फ्रीजर उघडायला सांग. आत यादी लावलेली असेल, कुप्यांवर क्रमांक आणि तारखा असतील, तर त्या घरात काम होतं. बर्फाच्या ढिगात पिशव्या अडकलेल्या दिसल्या तर गोड बोलण्यावर जाऊ नकोस. प्राध्यापकाला एका वेळी आठ पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात, सहयोगीला सहा, सहायकाला चार. आठही जागा भरलेल्या प्राध्यापकापेक्षा पहिल्या-दुसऱ्या विद्यार्थ्याच्या शोधात असलेला तरुण सहायक प्राध्यापक पुष्कळदा बरा, तो स्वतः तुझ्याबरोबर बेंचवर उभा राहतो.

शोधनिबंधांच्या बाबतीत एकच. पैसे घेऊन आठवड्यात छापणारी जर्नलं तुला ईमेलवर 'आदरणीय डॉक्टर' म्हणून हाका मारतील, पीएचडी व्हायच्या आधीच. बढतीच्या गुणांसाठी कित्येकांनी त्यांचा आधार घेतला आहे, आणि आता ते निबंध यादीत दाखवायला त्यांनाच लाज वाटते. २०२२ च्या नियमांनुसार पीएचडी सादर करण्याआधी निबंध छापलेला असणं सक्तीचं राहिलेलं नाही. त्यामुळे घाई नको. एक चांगला निबंध, ज्याचे परीक्षक तुला तीनदा प्रयोग परत करायला लावतील, तो पुरे.

विद्यापीठाचा रस्ता बंद झाला तर? औषध कंपन्यांच्या गुणवत्ता तपासणीत, लस कारखान्यांत, अन्नप्रक्रिया आणि दूध संघांच्या प्रयोगशाळांत एमएस्सी मायक्रोबायोलॉजीवाले लागतात. तिथे जिवाणू सापडला की आनंद नसतो, बोंब असते, एवढाच फरक. जिवाणू संवर्धक बनवणारे छोटे कारखाने आपल्या भागातही आहेत आणि त्यांना मोजणी नीट येणारी माणसं मिळत नाहीत. रुग्णालयातला मायक्रोबायोलॉजिस्ट मात्र वेगळा, त्यासाठी एमबीबीएसनंतर एमडी लागतं. शेजारीपाजारी तुला त्यावरून गोंधळात टाकतील.

बीएडबद्दल: एमएस्सीनंतरही करता येतं. आत्ताच ते की हे, असं काही नाही. एमएस्सी प्रवेशाच्या वर्षी मात्र दोन्हीकडे पाय ठेवू नकोस, एमएस्सीची दोन वर्षंच हात तयार व्हायची असतात.

आता सुरुवातीचं. तुझ्या कॉलेजात मॅनिटॉल, नायट्रोजन नसलेले क्षार आणि अगर मिळेल, म्हणजे ॲशबीचं माध्यम होईल. शेतातली ओलसर माती आण, तिचे मोहरीएवढे कण चिमट्याने ओळीत प्लेटवर ठेव आणि तीन ते पाच दिवस थांब. काही कणांभोवती चकचकीत, बुळबुळीत कडं येईल. तो बहुधा ॲझोटोबॅक्टर, हवेतला नायट्रोजन एकट्याने बांधणारा, आणि काही दिवसांनी त्यातली काही कडी तपकिरी-काळी पडतील. घरच्या शेतातली माती, शेजारच्या उसाची माती, बांधावरची माती, अशी तुलना कर. किती कणांपैकी कितींना कडं आलं, ते लिही. या रब्बीत हरभरा फुलावर आला की दोन-चार झाडं मातीच्या ढेकळासकट खणून काढ, मुळं पाण्यात हळू सोडव, गाठी मोज, ब्लेडने चिरून आत गुलाबी आहे का पांढरी ते बघ. गुलाबी गाठ काम करते आहे, कारण तो रंग नायट्रोजन बांधायला लागणाऱ्या लेगहिमोग्लोबिनचा.

तारीख, गट नंबर, आदल्या हंगामाचं पीक, कोणतं खत पडलं होतं, सगळं त्याच वहीत उतरव. एमएस्सीला मुलाखत असेल तिथे ती वही बरोबर ने. परीक्षक आधी गुणपत्रिका बघतात, मग 'स्वतः काय केलं आहेस?' असं विचारतात, आणि त्या प्रश्नाला बहुतेक मुलं प्रकल्पाचं छापील शीर्षक सांगतात.